जुनी गाडी आणि नवा महामार्ग

नागपूरच्या दक्षिणेला हिंगणा तालुक्यात शिवमडका नावाचे गाव आहे. या गावाचे नाव पूर्वी जिल्ह्याबाहेर कोणी फारसे घेत नसे. आता समृद्धी महामार्ग येथून सुरू होतो आणि ७०१ किलोमीटरवर, ठाणे जिल्ह्यातील आमणे येथे संपतो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजी. आम्ही या रस्त्याने गेलो ते २०२५ च्या एप्रिल महिन्यात. तेव्हा महामार्ग ६२५ किलोमीटर धावून इगतपुरीला थांबत असे, आणि पुढे मुंबईकडे जाणाऱ्याला कसारा घाट उतरावा लागे. म्हणजे दिवसभर तापलेल्या सपाट रस्त्यावर पळायचे आणि दिवस कलताना, गाडी व माणसे दोघेही थकलेले असताना, सह्याद्री उतरायचा. गाडी नवी असेल तर यात विशेष काही नाही. आमची गाडी सोळा वर्षांची होती.

ही गाडी आम्हा तीन भावंडांच्या सामायिक मालकीची आहे. डिझेलवर चालणारी, उंच, मागे दोन समोरासमोर बाकडी असलेली. कंपनीचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. अशा गाड्या आपल्या वस्त्यांतून जागोजागी उभ्या दिसतात. पहिला मालक ठेकेदार होता, दुसरा भंडाऱ्याकडचा एक दुकानदार, आणि तिसरे आम्ही. रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला, लग्नाच्या वऱ्हाडाला, मुलांच्या परीक्षेच्या केंद्रावर पोचवायला हीच गाडी. वस्तीतील निम्म्या लोकांना ती स्वतःचीच वाटते, आणि ते खरेही आहे.

२०२४ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी करून, हरित कर भरून ती पाच वर्षांसाठी पुन्हा करून घ्यावी लागते. आम्ही सर्व रीतसर केले. तपासणीत दिवे पाहिले, हॉर्न वाजवून पाहिला, चॅसिसचा नंबर जुळवून घेतला. कागद मिळाला २०२९ पर्यंतचा. मात्र गाडीच्या आतले रबर कागद पाहून टिकत नाही.

येथे एक गोष्ट वाचकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. गाडीत कंपनीच्याच कामाचा दोष निघाला तर सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला लावू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ही दुरुस्ती झाली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. कायदा चांगला आहे. पण तो सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना लागू आहे. आपल्यासारख्यांच्या दारात गाडी येते तेव्हा तिची सात वर्षे केव्हाच उलटून गेलेली असतात! चाक न अडकता ब्रेक लागण्याची व्यवस्था, ज्याला एबीएस म्हणतात, सर्व नव्या मोटारींना १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. पुढल्या एअरबॅगा त्यानंतर. आमच्या २००९ सालच्या गाडीत यातले काही नाही. जे आहे ते म्हणजे दादांचे दोन हात.

दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांनी तीस वर्षे नोकरी केली. कल्याणला आत्याच्या नातवाचे लग्न ठरले आणि गाडीने जायचे म्हटल्यावर त्यांनी आठ दिवस आधीच गाडी अंगणात उभी केली, चाके काढली आणि घरात जाहीर केले की आता माझी परवानगी मिळेपर्यंत कोणी किल्लीला हात लावायचा नाही.

सुरुवात टायरपासून. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या पुढच्या दोन्ही टायरांवर १४१९ होते, म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. मागची जोडी रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवलेली. तिच्यावरचे आकडे कोणीतरी घासून टाकले होते. आणि स्टेपनीवर होते ३२११! चौदा वर्षांची स्टेपनी. तिच्यावरची नक्षी कोरी करकरीत, कारण ती कधी जमिनीला लागलीच नव्हती. धाकटा म्हणाला, ही तर नवीच आहे. दादांनी तिची बाजू अंगठ्याने दाबून दाखवली. उन्हाळ्यात तळ्याच्या मातीला पडतात तशा बारीक भेगा सगळीकडे उमटल्या. न वापरलेला टायरही म्हातारा होतो, हे आमच्यापैकी पुष्कळांना तेव्हा प्रथम कळले.

समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा आपण सर्वांनी ऐकली आहे. २०२३ मध्ये तर परिवहन विभागाने महामार्गाच्या तोंडाशीच टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. लोक म्हणतात, काँक्रीट तापते म्हणून टायर फुटतात. ते पूर्ण खरे नाही. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो व पुन्हा फुगतो, आणि या दबण्याफुगण्यानेच तो आतून तापत जातो. गावच्या रस्त्यावर खड्डे, वळणे, गुरेढोरे यांमुळे गाडी सारखी हळू होते आणि टायरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. या रस्त्यावर तीन-तीन तास वेग उतरतच नाही. त्यात आपल्याकडे एक समज घट्ट आहे की उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून टायरमध्ये थोडी कमीच भरावी. हे उलट आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर जेवढी हवा लिहिली आहे तेवढी, टायर थंड असताना, सकाळी भरावी. कमी हवा हाच तापाचा मोठा धनी.

अमेरिकेसारख्या देशातही हे घडले आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला तेथे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. त्यांतले बरेच फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर या उंच कौटुंबिक गाडीला लावलेले होते. भरलेली गाडी, कडक ऊन, लांबचा भरधाव प्रवास, आणि टायरची वरची पट्टी सालपटासारखी सुटून यायची. गाडी उंच असल्यामुळे उलटायची. अडीचशेहून अधिक मृत्यूंची नोंद तेथल्या सरकारी यंत्रणेकडे झाली. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत प्रमाण जास्त होते. गाडीवाले टायरकडे बोट दाखवीत, आणि टायरवाले म्हणत की गाडीवाल्यांनी २६ पौंड हवा भरायला सांगितली तीच कमी होती. दोन मोठ्या कंपन्यांच्या या भांडणात गेली ती सुट्टीला निघालेली कुटुंबे.

आम्ही तीन नवे टायर घेतले. दोन मागे लावले, एक स्टेपनीला. साडेसोळा हजार रुपये झाले. वहिनींनी बचत गटातून उचल घेतली. आहेरासाठी ठेवलेले पैसेही त्यात गेले, त्यामुळे घरात दोन दिवस बोलणे जरा कमीच होते.

टायरनंतर आतली पाहणी झाली, आणि ती अधिक बोलकी होती. किल्ली फिरवली की समोरच्या पाटीवर लाल-पिवळे दिवे क्षणभर लागतात आणि विझतात. हे दिवे लागतात ते बल्ब चालू आहेत हे दाखवण्यासाठी. आमच्या गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागतच नव्हता. दादांनी पाटी उघडली तर बल्ब फ्यूज नव्हता, काढूनच टाकला होता. गाडी विकताना दिवा पेटलेला दिसू नये यासाठीची ही जुनी युक्ती. दुरुस्तीला पैसे लागतात, बल्ब काढायला लागत नाहीत. एअरबॅग असलेल्या जुन्या गाड्यांतही असे केले जाते, म्हणून जुनी मोटार घेणाऱ्यांनी किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागून विझतो की नाही हे पाहावे. एअरबॅगही म्हातारी होते. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांतील स्फोटक द्रव्य वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि ओलाव्याने बिघडत गेले, आणि अपघातात माणसाला वाचवण्याऐवजी धातूचे तुकडे त्याच्याच अंगावर उडू लागले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, भारतातही होंडाने बोलावल्या. टाकाटा २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. असो. दादांनी दहा रुपयांचा बल्ब आणून बसवला. त्या बल्बचे पुढे काय झाले ते येईलच.

मग मागचे दार. ते बाहेरून उघडत होते, आतून नाही. आतल्या मुठीची सळई केव्हाची तुटलेली. मागे बसणारी मुले उतरायची तेव्हा कोणीतरी बाहेरून दार उघडायचे. वर्षानुवर्षे असेच चालले होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. दीडशे रुपयांत सळई बसली. हॉर्नला आणि गाण्याच्या यंत्राला जोडलेली वायर थेट बॅटरीवरून ओढलेली होती, मध्ये फ्यूज नव्हता. तीही काढली. त्यामुळे मुलांची गाणी गेली.

सर्वांत मोठा वाद झाला तो माणसांवरून. घरातून जाणारे नऊ जण होते. गाडीत सीट बेल्ट पाच: पुढे दोन, मधल्या सीटवर तीन. मागच्या आडव्या बाकड्यांना पट्टा नाही, आणि आडव्या बसलेल्या माणसाला गाडी अचानक थांबली की धरायला काही नसते. तो सरळ पुढे फेकला जातो. दादा म्हणाले, पट्टे पाच तर माणसे पाच. आमची माय वैतागली.

“लोकं त् पंधरा-पंधरा जनं कोंबून जाते, अन् तुम्ही पाचच जनं! मंग गाडी घेतली कायले?”

“माय, पट्टे पाचच हाये,” एवढेच दादा म्हणाले.

शेवटी माय, वहिनी, धाकटी सून आणि एक भाचा असे चौघे सेवाग्राम एक्सप्रेसने निघाले. दोघांची तिकिटे पक्की होती, दोघांची शेवटपर्यंत वेटिंगवर. एवढी घरची गाडी असून म्हाताऱ्या बाईला वेटिंगवर रेल्वेत चढवले, असे शेजारीपाजारी बोलले. बोलू देत. गाडीत उरलो ते दादा, चालवायला धाकटा, आणि मधल्या सीटवर दोन मुलांना घेऊन आम्ही. छतावरच्या कॅरिअरवर काहीही बांधायचे नाही, हाही दादांचाच हुकूम. उंच गाडीच्या डोक्यावर ओझे चढले की ती वळणावर झोके घेते. आहेराची भांडी मागच्या बाकड्यांमध्ये, खाली, दोराने बांधली.

फटफटायला लागले तेव्हा शिवमडक्याहून निघालो. जुन्या गाडीच्या दिव्यांची आतली चकाकी जाऊन उजेड पिवळा पडतो, म्हणून रात्रीचा प्रवास नाही असे आधीच ठरले होते. सकाळचा हा रस्ता फार सुरेख आहे. वर्धा, पुलगाव, धामणगाव ही नावे फाट्यांच्या पाट्यांवरून मागे पडतात, आणि दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी जमीन क्षितिजापर्यंत पसरलेली असते. कारंजाच्या भागात महामार्गावरून वन्य प्राण्यांना जाण्यासाठी पूल बांधले आहेत. मुले तेवढा वेळ खिडकीला नाक लावून रोही दिसतो का ते पाहत होती. दिसला नाही. दुचाकी नाही, बैलगाडी नाही, चहाची टपरी नाही. या रस्त्यावर माणसाचा चेहराच दिसत नाही, ही त्याची उणीव आम्हाला सारखी जाणवली.

मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. आम्ही ८० च्या वर गेलो नाही. डाव्या पट्ट्यातून चालत राहिलो. नव्या गाड्या भुर्रकन निघून जात. दर दीड तासाला थांबा. थांबले की दादा उतरून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू नेत. ही एसटीतली जुनी रीत. तीन चाके सारखी कोमट आणि एक जास्त तापलेले असेल तर त्या चाकाचा बेअरिंग किंवा ब्रेक काहीतरी सांगतो आहे असे समजायचे. धाकट्याच्या मुलानेही मोठेबाबांच्या मागे फिरून हात लावायला सुरुवात केली.

मेहकर मागे टाकले. लोणारचे सरोवर तेथून जवळच. मुलांनी हट्ट धरला, पण वाकडी वाट करायला वेळ नव्हता. नंतर सिंदखेडराजाचा भाग येतो. जिजाऊंचे हे जन्मगाव. याच तालुक्यात १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती. दार खाली दबल्यामुळे बाहेर पडायला वाटच राहिली नाही. काच फोडून जे थोडे निघाले ते वाचले. ती जागा नेमकी कोणती ते आम्हाला ठाऊक नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. पण त्या पट्ट्यातून जाताना गाडीत सगळे गप्प होते. आमच्या मागच्या दाराची ती दीडशे रुपयांची सळई आम्हा सर्वांच्याच मनात आली असावी, कारण जालन्याच्या थांब्यावर धाकटा काही न बोलता मागे गेला, आत बसला, आणि आतून दार उघडून बाहेर आला.

दुपारी संभाजीनगर ओलांडताना उन्हाने चाळिशी पार केली होती. गाडीत एसी नाही. ओले पंचे खिडक्यांना लावले. शिर्डी, सिन्नर, मग हळूहळू जमीन उंचसखल होऊ लागली आणि पश्चिमेकडे डोंगर दिसू लागले. मुलांनी पहिल्यांदाच सह्याद्री पाहिला. विदर्भातल्या मुलांना टेकड्या ठाऊक असतात, पण ही अशी उभी कापलेली काळी भिंत त्यांना ठाऊक नसते.

चार वाजता इगतपुरीचा फाटा आला. महामार्ग सोडून खाली उतरणारा रस्ता गोल वळतो. त्या वळणावर मागून मुलगी ओरडली, “मोठेबाबा, लाल दिवा लागला!” दिवा क्षणभर लागून विझला. सरळ रस्त्यावर काही नाही. पुढच्या वळणावर पुन्हा लुकलुकला. धाकटा म्हणाला, ब्रेकचे पेडल सकाळपेक्षा बोटभर खाली जाते आहे. दादांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

ब्रेक ऑइलच्या भांड्यात एक तरंगणारा खुंटा असतो. ऑइल कमी झाले की तो खाली येतो आणि दिवा लागतो. अजून पूर्ण कमी झालेले नसेल तर वळणावर ऑइल एका बाजूला जाते तेवढ्यापुरताच दिवा लागतो. निघताना काठोकाठ भरलेले भांडे खालच्या खुणेपर्यंत आले होते. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली होती. चाकातल्या छोट्या सिलिंडरमधले रबर गेले होते. नागपूरला दादांनी ते चाक उघडले होते, नवे लायनर घातले होते, पुढचे होज पाइप बदलले होते. सिलिंडर तेव्हा कोरडा होता, आणि कोरड्याला हात लावायचा नाही असा मिस्त्री लोकांचा नियम आहे. सोळा वर्षांचे रबर नेमक्या त्या दिवसापर्यंत टिकले होते.

गाडीचे ब्रेक दोन वेगळ्या नळ्यांवर चालतात. एक गळली तर दुसरी धरते, म्हणून गाडी थांबत होती. पण अर्धा ब्रेक सपाट रस्त्यावर पुरतो, घाटात पुरत नाही. उतारावर सारखे दाबून लायनर तापतात आणि तापले की पकड सोडतात. जुने ऑइल हवेतला ओलावा पिते. तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे खाली बसते. काही जण डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करतात किंवा न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला हलकेपणा देणारा पंपही बंद होतो; मग दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे घट्ट होते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा एसटीचा धडा आहे.

कल्याणहून आत्याचे फोनवर फोन येत होते. संध्याकाळी हळद होती. तेथे भेटलेला एक गाडीवाला म्हणाला, ऑइल टाका आणि हळूहळू उतरा, आम्ही रोज उतरतो. धाकटाही अर्धा तयार झाला होता. दादा म्हणाले, ही गाडी आज घाट उतरणार नाही. रिकामीही नाही. आपण वाचू, पण खालून वर येणाऱ्याचे काय?

मग मुलांना घेऊन आम्ही इगतपुरी स्टेशनावर आलो आणि साधे तिकीट काढून कल्याणच्या गाडीत उभे राहिलो. दादा आणि धाकटा मागे राहिले.

इगतपुरी ते कसारा हे रेल्वेचे अंतर १६ किलोमीटर. १८६५ साली हा थळ घाटाचा मार्ग सुरू झाला. ३७ फूट चालले की एक फूट उतरायचे, असा हा उतार. आपल्या देशातील मुख्य मार्गांवर असे तीव्र उतार थोडेच आहेत. चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला ढकलणारी जादा इंजिने जोडतात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक वरच तपासतात आणि ती अगदी सावकाश सोडतात. घाटात कॅच सायडिंग म्हणून चढावर जाणारे रूळ काढून ठेवलेले आहेत. सांधा एरवी त्या चढाच्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे आणि थांबते आहे असे दिसले की मगच तिला पुढची वाट मिळते. ताबा सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी अशी योजना. म्हणजे ब्रेक निकामी होणारच, असे धरून दीडशे वर्षांपूर्वी हा रस्ता आखला गेला. या घाटांच्या कामांवर पटकीने आणि तापाने किती मजूर मेले! हजारोंनी गेले, आणि त्यांची नावे कोठे नाहीत. मुले बोगदे मोजत होती. एहेगावच्या उंच पुलावर मुलीने आमचा हात घट्ट धरला. दरीच्या पलीकडे मोटारींच्या रस्त्यावरचे ट्रक एकामागोमाग मुंगीच्या चालीने उतरताना दिसत होते.

कल्याणला पोचलो तेव्हा हळद आटोपली होती. सेवाग्रामने आलेली माय आधीच पोचून पाहुण्यांत बसली होती. गाडी कुठे म्हणून तिने विचारले, आणि ऐकल्यावर काही बोलली नाही; मुलांना जवळ घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी इगतपुरीच्या गॅरेजात मागची दोन्ही चाके उघडून घेतली. डावा सिलिंडर बदलला, आणि उजवा कोरडा असूनही बदलला. ऑइलने भिजलेले लायनर टाकून नवे घातले, सगळ्या नळ्यांतली हवा काढली. चौतीसशे रुपये झाले. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्यांचे हॉर्न ऐकत, दोघांनी कसारा घाट उतरवला आणि खाली आल्यावर चारही चाकांना हात लावून पाहिला. लग्न साडेबाराचे होते. ते एक वाजता मांडवात आले, ऑइलच्या कपड्यांनीच.

आता इगतपुरीपासून खाली जायला सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा झाला आहे, आणि समृद्धीने येणाऱ्याला कसारा घाट उतरावा लागत नाही. आमची गाडी मात्र अजून तीच आहे. ती ठेवायची की काढायची यावर घरात एकमत नाही. दादा म्हणतात, २०२९ पर्यंत कागद आहे तोवर चालवू, मग भंगारात देऊ. धाकटा म्हणतो, आत्ताच विकली तर दीड लाख येतील. ते पैसे आम्हाला हवे आहेत, बचत गटाची उचल अजून फिटायची आहे. पण विकली तर ती कोणा चौथ्या घरी जाईल, आणि ते घरही आपल्यासारखेच असेल. दादांनी एक वही केली आहे. टायरांचे आकडे, बदललेला प्रत्येक भाग, तारीख, आणि अजून न बदललेल्या भागांची यादी तीत लिहिली आहे. गाडी विकलीच तर किल्लीबरोबर ही वहीही द्यायची, एवढी त्यांची अट आहे. धाकट्याचे म्हणणे असे की ती यादी वाचल्यावर गाडी घेईल कोण?